सिंहाचा मुकुट

खालच्या मजल्यावरच्या आजी कधी वर येत नाहीत. गुडघे दुखतात, आणि हेगमधल्या आमच्या या जुन्या घराचा जिना शिडीसारखा उभा. म्हणून त्या ऑक्टोबरातल्या शनिवारी दार उघडल्यावर त्या समोर दिसल्या तेव्हा मी आधी घाबरलेच. टेबलावर घालायच्या जुन्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक त्यांनी दोन्ही हातांवर आडवं धरलं होतं, तान्हं मूल धरावं तसं. "तुला यातलं कळतं ना?" त्या म्हणाल्या. कापड उलगडलं तसा डांबरगोळ्यांचा आणि आंबलेल्या तेलाचा वास खोलीभर पसरला. आत डच लष्करातल्या अधिकाऱ्याची तलवार होती. पोलादी म्यान, पितळी मूठ, मुठीवर काळी खरखरीत कातडी आणि तिच्यावरून घट्ट वळलेली पिळाची तार. "माझ्या पणजोबांची," आजी म्हणाल्या. "तिकडे सुमात्रातल्या आचेहच्या लढाईत त्यांच्या कमरेला होती. तिथून तापानं पोखरून परत आले ते १९०१ साली गेलेच." नातीचा मुलगा आता अठरा वर्षांचा होणार, त्याला ती द्यायची, त्याआधी नक्की कोणत्या सालची ते कळलं तर बरं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

मी खिडकीजवळ गेले आणि भिंग लावलं. पातं मुठीत शिरतं तिथे तांदळाच्या दाण्याएवढे दोन ठसे होते. एक मुकुट घातलेला राजा आणि त्याला चिकटून शिरस्त्राण घातलेला सरदार. जर्मनीतल्या तलवारी घडवणाऱ्या झोलिंगन गावात वायर्सबर्ग यांची खूण राजाचं डोकं होती आणि किर्शबाउम यांची सरदाराचं शिरस्त्राण. १८८३ मध्ये ही दोन घराणी एकत्र आली आणि दोन्ही डोकी शेजारी शेजारी बसली. म्हणजे पातं १८८३ नंतरचं. इथवर आजींची गोष्ट शाबूत होती. मग मी पातं उलटं केलं. त्यावर तेजाबानं खाऊन काढलेली नक्षी होती आणि मधोमध नेदरलँड्सचं राजचिन्ह. एका पंजात तलवार आणि दुसऱ्यात बाणांची जुडी धरून उभा असलेला सिंह, दोन्ही बाजूंनी ढाल धरणारे आणखी दोन सिंह. या बाजूच्या सिंहांच्या डोक्यावर मुकुट नव्हते आणि त्यांनी तोंडं एकमेकांकडे वळवलेली होती. मधल्या सिंहाच्या डोक्यावरही राजाचा भरगच्च मुकुट नव्हता, पानांचा साधा उघडा मुकुट होता. १८१५ पासून १९०७ पर्यंत या तिन्ही सिंहांना राजमुकुट होते आणि बाजूचे दोघं थेट आपल्याकडे बघत असत. ते चित्र १९०७ च्या राजाज्ञेनं बदललं.

"ही १९०७ च्या आधीची असूच शकत नाही," मी म्हणाले. कोडं सुटल्याच्या आनंदात म्हणाले, हे मला आजही नीट आठवतं.

आजींनी मनातल्या मनात हिशेब केला असावा. "म्हणजे त्यांची नाही," एवढंच त्या बोलल्या. कापडाची चारही टोकं नीट दुमडून त्यांनी तलवार पुन्हा गुंडाळली. मी कॉफीचं विचारलं, त्या नको म्हणाल्या. कठड्याला धरून एकेक पायरी उतरताना म्यानात तलवार खुळखुळत होती आणि दार बंद केल्यावरही तो आवाज येत राहिला.

माझं काहीच चुकलं नव्हतं. तरी तो खुळखुळाट डोक्यातून जाईना.

तलवारींचं हे वेड मला लागलं ते माझ्या आजोळी, वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत. तिथल्या देवघरात एक तलवार आहे. खंडेनवमीला ती खाली उतरते. आजोबा तिला खोबरेल तेल लावत, मग हळद, मग कुंकू, मग झेंडूची माळ. वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा इतका थर साचलाय की मुठीपासून वीतभर पातं दिसतच नाही. ही तलवार पानिपताहून परत आली, असं आजोबा सांगत. कुणी आणली, कशी आणली, हे विचारायचं नसे. आम्ही पोरं रांगेनं नमस्कार करायचो आणि मग पाटीपुस्तकांची, कोयत्याची, विळ्याची पूजा व्हायची. त्याच सुट्टीत मामा आम्हाला गावातल्या डच वखारीत घेऊन जायचा. वखार म्हणजे तेव्हा जांभ्याच्या उंच भिंती आणि त्यांतून उगवलेली झाडं, ओल्या दगडाचा वास, वटवाघळं. १६३७ पासून डच इथे व्यापाराला होते. आपल्या जुन्या कागदांत त्यांना डच म्हणत नाहीत, 'वलंदेज' म्हणतात. पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला हा शब्द मला तेव्हापासून आवडतो. दहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो तेव्हा मामानं फोनवर विचारलं होतं, "काय गो, वलंदेजांच्या देशात जाऊन रवलंस?"

इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी लांगे फोरहाउटच्या जुन्या बाजारात गेले. लिंडनच्या झाडांखाली गुरुवारी आणि रविवारी जुन्या वस्तूंच्या टेबलांची रांग लागते. चमचे, नकाशे, निळ्या फरशा, आणि मध्येच एखादी तलवार. पहिली तलवार हातात घेतली तिच्या पात्यावर मुकुटाखाली डब्ल्यू हे अक्षर होतं. मी वाचून आलेलं ज्ञान पाजळलं, "विल्हेल्मिना राणीची." टेबलामागचे गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी शांतपणे एकेक बोट उघडलं. पहिला विलेम, दुसरा विलेम, तिसरा विलेम, मग विल्हेल्मिना. राजा १८१५ ला गादीवर बसला, राणीनं १९४८ ला गादी सोडली, आणि मधली १३३ वर्षं या देशाच्या तलवारींवर एकच अक्षर. इंग्रजांच्या तलवारींवर राजा बदलला की अक्षर बदलतं, काम सोपं होतं. इथे ती सोय नाही. १८९० मध्ये तिसरा विलेम गेला आणि दहा वर्षांची मुलगी राणी झाली, आई एम्मा तिच्या वतीनं कारभार बघू लागली, आणि कोरणाऱ्या कारागिराला हत्याराची दिशाही बदलावी लागली नाही.

त्या गृहस्थांनी मला दोन-तीन उन्हाळ्यांत पुष्कळ शिकवलं. त्यांचं पहिलं सांगणं असं की अक्षर सगळ्यात शेवटी बघायचं. आधी तलवार हातात तोलायची. मग मूठ, मग कातडी, मग तार कुठे सैल आहे ते, मग म्यान, आणि पातं त्यानंतर. अधिकारी आपली तलवार स्वतःच्या पैशानं विकत घेत, म्हणून एकाच पलटणीतल्या दोन तलवारी तंतोतंत सारख्या नसतात. एखाद्याच्या बापाकडे पैसा असेल तर नक्षी जास्त. सैनिकांच्या तलवारीवर सरकारी ठसे, नंबर मिळतात. अधिकाऱ्याच्या तलवारीवर बहुधा दुकानदाराचं नाव आणि झोलिंगनच्या कारखान्याचा ठसा. खार दिसली की आइकहॉर्न, दोन डोकी दिसली की वायर्सबर्ग-किर्शबाउम. पात्यावर गडद निळं पाणी आणि त्यात सोनेरी वेलबुट्टी असेल तर एकोणिसाव्या शतकाची सुरुवात. चकचकीत निकेलचा मुलामा असेल तर त्या शतकाची अखेर किंवा त्याच्याही पुढे. बेल्जियम १८३० मध्ये फुटून निघेपर्यंत हत्यारांसाठी नावाजलेलं लिएज शहर याच राज्यात होतं, हेही लक्षात ठेवायचं. आणि व्हीओसीची, म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीची, खूण दिसली, ती कंपनी १७९९ मध्ये बुडाली हे आठवलं, की हरखून न जाता दोनदा बघायचं. कारण ती खूण आजही कुणी पितळेवर ठोकून देतं, आणि लोक ती विकतही घेतात.

त्यांची एक गोष्ट मला सगळ्यात पटली. तलवार कधीची आहे हे ती सहसा सांगत नाही. ती अमुक सालाआधीची नाही, एवढंच सांगते. नवा सिंह १९०७ च्या आधी असणं शक्य नाही. जुना सिंह मात्र १९०७ नंतरही दिसू शकतो, कारण कारखान्यात जुना नमुना पडून असतो आणि तो संपेपर्यंत वापरला जातो. म्हणजे दार एका बाजूनं पक्कं बंद, दुसऱ्या बाजूनं किलकिलं. आजींच्या तलवारीच्या बाबतीत दुर्दैवानं पक्कं बंद असलेलं दार नेमकं त्यांच्या पणजोबांच्या बाजूला होतं.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच सुस्टरबर्गला गेले. डेल्फ्टचं जुनं लष्करी संग्रहालय २०१३ मध्ये बंद झालं, त्यातल्या वस्तू आता इथे जुन्या विमानतळावरच्या काचेच्या मोठ्या इमारतीत आहेत. मी तलवारींच्या कपाटांसमोर उभी राहिले आणि मुकुट मोजत बसले. काचेवर नाक टेकवून बघणाऱ्या बाईकडे एक शाळकरी मुलगा बराच वेळ बघत होता. माझी खात्री पटली, सिंहाच्या बाबतीत माझी चूक नव्हती. पण खरं तर मी चूक सापडावी म्हणूनच गेले होते.

तिथून मग आर्नहेमच्या ब्रॉनबेकला. तिसऱ्या विलेम राजानं १८५९ मध्ये ही जागा वसाहतीच्या फौजेतल्या म्हाताऱ्या, जायबंदी सैनिकांसाठी दिली आणि १८६३ पासून ते इथे राहू लागले. आजही इथे वृद्ध माजी सैनिक राहतात, आणि त्याच आवारात संग्रहालय आहे. बागेत तोफा, आत आचेह. १८७३ मध्ये सुरू झालेलं ते युद्ध किती वर्षं चाललं ते नीट मोजताही येत नाही, कारण ते संपल्याचं जाहीर झाल्यावरही माणसं मरत होती. पहिल्याच स्वारीत खुद्द सेनापती कोलर मशिदीपाशी गोळी लागून पडले. जंगलात लांब तलवार वेलींत अडकते, म्हणून १८९० मध्ये उभ्या केलेल्या मारेशोसे तुकडीनं आखूड बंदूक आणि क्लेवांग हेच हत्यार धरलं. क्लेवांग म्हणजे तिथल्याच लोकांचं आखूड, पुढे जड होत गेलेलं पातं, आपल्या कोयत्याच्या जवळचं. ज्यांच्याशी लढायचं त्यांचंच हत्यार. भिंतीवर टांगलेली एक क्लेवांग मी बराच वेळ बघितली. तिची धार दातरी झाली होती. कशावर आपटून झाली असेल, हे मला कल्पायचं नव्हतं आणि तरी मी कल्पत होते.

मला इथे नेहमीच अवघडल्यासारखं होतं. या तलवारी मला सुंदर वाटतात. त्यांची मूठ हातात बसते तेव्हा ज्या कारागिरानं ती घासली त्याच्याबद्दल मन भरून येतं. आणि त्याच वेळी मी अशा देशातून आलेय जिथे असल्याच तलवारी कमरेला लावून लोक उतरले होते. आजींच्या पणजोबांना मी मनात कुठे ठेवू? त्यांच्या घरात ते तापानं फणफणणारे, परत आल्यावर लेकीला ओळखू न शकलेले वडील आहेत. आचेहमधल्या एखाद्या घरात ते काय असतील? मी त्या दिवशी १९०७ हे साल इतक्या चटकन उच्चारलं, त्यात या अवघडलेपणाचाही थोडा वाटा होता का, हा प्रश्न मला आर्नहेमहून परतताना गाडीत पडला. असावा, असं मला वाटतं.

शस्त्र ओळखणं ही नुसती हौस नसते, हे मला याच शहरानं दाखवलंय. जावामध्ये डचांशी पाच वर्षं लढलेल्या राजपुत्र दिपोनगोरोला १८३० मध्ये मागेलांगला वाटाघाटीसाठी बोलावून पकडलं. त्याची क्रिस, म्हणजे नागमोडी कट्यार, एका डच कर्नलनं पुढच्या वर्षी पहिल्या विलेम राजाला भेट दिली. ती हेगमधल्या राजाच्या संग्रहात आली, तिथून १८८३ मध्ये लायडनच्या संग्रहालयात गेली आणि शेकडो क्रिसांमध्ये मिसळून हरवली. कुणी चोरली नव्हती, होती तिथेच होती, फक्त ती कोणती हे कुणाला सांगता येत नव्हतं. जावाचा चित्रकार रादेन सालेह यानं ती इथे पाहून केलेलं वर्णन जुन्या कागदांत राहिलं होतं. पात्यावरचा कोरीव नाग, त्यावरचं सोनं. ते वर्णन आणि पात्यावर उरलेले सोन्याचे कण जुळवत अभ्यासकांनी ती ओळखली आणि मार्च २०२० मध्ये ती इंडोनेशियाला परत गेली. जवळजवळ १९० वर्षांनी. सोन्याचे ते कण कुणी बघितलेच नसते तर?

आणि २०२५ मधलं तर आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक आहे. लंडनच्या लिलावातून नागपूरकर भोसल्यांची तलवार महाराष्ट्रात आली तेव्हा मी इथे बसून फोनवर तिची छायाचित्रं मोठी करकरून बघत होते. पातं युरोपातलं, मूठ आपली, आणि पात्यावर सोन्याच्या पाण्यानं देवनागरीत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा यांचं नाव, शेवटी 'फिरंग' हा शब्द. परदेशी पात्याला आपण त्याच्या परकेपणाचंच नाव दिलं आणि मग ते आपलं म्हणून वापरलं. नाव कोरलेलं असलं की काम किती सोपं होतं. त्या रात्री मी वेंगुर्ल्याला मामेभावाला फोन केला. आपल्या तलवारीवर काही कोरलंय का, पातं सरळ आहे का वाकडं, मुठीपाशी एखादा ठसा आहे का, असं विचारत सुटले. तो म्हणाला, "कुंकू खरवडून बघू काय? उद्या बघतंय." मागून मामींचा आवाज आला, "कित्याक?" त्या एका शब्दानं मी गप्प झाले. मग म्हणाले, नको रे, असू दे. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आजींच्या पात्यावर मी भिंग ठेवायला एक क्षणही थांबले नव्हते.

डिसेंबरात मी खाली गेले. बेसनाचे लाडू घेऊन गेले, आजींना ते आवडतात, त्या ते कॉफीत बुडवून खातात. तलवार पुन्हा बघू का, असं मी विचारलं. त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. या वेळी मी पातं बाजूला ठेवलं आणि म्यान मांडीवर घेतलं. त्या दिवशी मी म्यानाकडे बघितलंच नव्हतं, बाजारातल्या गृहस्थांचा पहिला धडाच विसरले होते. वरच्या बाजूला पट्ट्यात अडकवायची एक कडी होती. तिच्याखाली साधारण वीतभर अंतरावर बोट फिरवलं तर पोलाद किंचित खडबडीत लागलं. दिव्याखाली तिरकं धरल्यावर दिसलं, तिथे सगळीकडून फिरलेला एक पुसट पट्टा होता, कानस मारून साफ केलेला. पूर्वी तिथे दुसरी कडी होती. जुन्या तऱ्हेच्या म्यानांना दोन कड्या असत, नंतर अनेक सैन्यांनी खालची काढून टाकली. आणि म्यानाचं तोंड पात्यापेक्षा चांगलं सूतभर रुंद होतं. ते या पात्यासाठी घडवलेलंच नव्हतं. जिन्यावरचा तो खुळखुळाट त्याचाच.

मी आजींना बोट लावून दाखवलं. त्यांचं बोट त्या खडबडीत जागेवर पुढे-मागे फिरत राहिलं. म्यान तलवारीपेक्षा जुनं आहे, मी म्हणाले, दुसऱ्या एका, रुंद पात्याच्या तलवारीचं आहे. कुणाचं ते मी सांगू शकत नाही. त्या उठल्या आणि अल्बम घेऊन आल्या. १९१४ मध्ये सगळ्या सैन्याला सीमेवर उभं केलं तेव्हाचा त्यांच्या आजोबांचा फोटो. हा देश त्या युद्धात उतरला नाही, आजोबा चार वर्षं सीमेवर पहारा देत राहिले. फोटोत त्यांच्या कमरेला तलवार आहे, पण नेमका कोटाचा घोळ मुठीवर आलाय. आम्ही दोघींनी भिंगातून खूप बघितलं. कडी एकच दिसते. खालचा भाग गवतात गेलाय.

"धार बघितलीस?" आजींनी विचारलं. मी अंगठा हलकेच आडवा फिरवला, मुठीपासून टोकापर्यंत. धारेची कड गोल, गुळगुळीत, कारखान्यातून आली तशी. दगड कधी लागलाच नव्हता. मी तसं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून पातं घेतलं आणि स्वतःच्या अंगठ्यानं तसंच टोकापर्यंत बघितलं, आणि मग अगदी सावकाश म्यानात सरकवलं.

मग त्यांनी ड्रॉवरमधून जाड कागदाचं एक लेबल काढलं, दोरा ओवलेलं, जॅमच्या बरण्यांना लावतात तसलं, आणि मला लिहायला सांगितलं. मी लिहिलं: पातं, झोलिंगन, १९०७ नंतरचं. म्यान, जुनं, दुसऱ्या तलवारीचं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, पेन घेतलं आणि खाली आपल्या वळणदार, जुन्या शाळेतल्या अक्षरात आधी पणजोबांचं नाव लिहिलं, त्याच्याखाली आजोबांचं. थोडं थांबून उरलेल्या जागेत नातीच्या मुलाचं. मी दोरा कडीत अडकवून गाठ मारली. आजींनी तलवार उचलून हलवून बघितली, आत पातं खुळखुळलं, आणि त्यांनी ती कपाटात कोटांच्या मागे परत उभी करून ठेवली.